आधीच आहे

ज्याच्या हाती कोठाराच्या किल्ल्या, त्याच्या डोळ्याला झोप कमी, असं जुनी माणसं म्हणत. तिच्या हाती किल्ल्या नव्हत्या, एक लांबलचक पासवर्ड होता. पण झोपेचा हिशेब तोच. ऑफिसात तिला सगळे कोठारीण म्हणत. आधी थट्टेनं म्हणत, मग सवयीनं, आणि पुढे पुढे तिचं खरं नाव कुणी घेतलं तर तीच क्षणभर वळून बघायची, की हे कुणाला हाक मारताहेत.

कंपनी लहान होती आणि एकच वस्तू बनवायची. त्या वस्तूचं नाव बोलकी पाटी. आजारानं म्हणा, ऑपरेशननं म्हणा, ज्यांचा आवाज जाणार आहे अशांनी आधी आपल्या आवाजात पुष्कळ वाक्यं रेकॉर्ड करून द्यायची. सॉफ्टवेअर त्यावरून तो आवाज शिकायचं. मग आवाज गेला तरी माणसानं पाटीवर बोटांनी अक्षरं दाबायची, आणि पाटीनं त्याच्याच आवाजात बोलायचं. परमेश्वरानं दिलेलं गळ्यातून जातं, ते थोडं तरी हातात राहावं, एवढीच धडपड. पुण्याचंच काम म्हणायचं.

हे सॉफ्टवेअर पाटीत जायचं ते बांधलेल्या गाठोड्यासारखं. त्याला कंटेनर इमेज म्हणतात. गाठोड्यात थरावर थर: खालचे थर सगळ्यांना सारखे, आणि सगळ्यात वर त्या त्या माणसाच्या आवाजाचा थर. ही गाठोडी जिथं ठेवायची ती कंपनीची खाजगी रजिस्ट्री. हेच ते कोठार. जिन्याखालच्या थंड खोलीत, कुलपात, स्वतःच्या मशीनवर. लोकांचे आवाज होते ते. चव्हाट्यावर कसे मांडणार?

कोठाराची एक रीत होती. प्रत्येक थराला त्याच्या आतल्या मजकुरावरून एक ठसा मिळायचा. वस्तू तीच असेल तर ठसा तोच. एक श्वास जरी इकडचा तिकडे झाला तरी ठसा वेगळा. नवा थर आत सरकवायला गेलं की कोठार आधी त्याचा ठसा बघायचं, आणि तसा थर आत असला तर पडद्यावर दोनच शब्द लिहायचं: आधीच आहे. शहाण्या गृहिणीसारखं, एक वस्तू दोनदा ठेवून घ्यायची नाही.

आणि माणसांसाठी एक नियम होता. तो तिनंच घालून दिला होता. कोठाराला हात लावायचा, कान लावायचा नाही. आपण थर ठेवायचे, मोजायचे, सांभाळायचे. आत कोण काय बोललं ते ऐकायचं नाही. हा नियम तिनं कधी मोडला नव्हता.

मग ताईच्या गळ्यात गाठ निघाली.

ताई तिची थोरली बहीण. आई लवकर गेली आणि धाकटीला वाढवलं ते ताईनंच, म्हणून घरात ताईचा शब्द शेवटचा. ती शाळेत शिकवायची. वर्ग गप्प करायला टेबलावर नखानं दोनदा टकटक करायची आणि मगच तोंड उघडायची. ही सवय घरीही सुटली नव्हती. टक टक. "धाकटे, ओला टॉवेल पलंगावर?" आणि धाकटीचे हात टॉवेलकडे गेलेले असायचे. ताईच्या आवाजाची गंमतच ती होती. आधी हात हलायचे, डोकं मागाहून यायचं.

सर्जननी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, "आत गेल्याशिवाय सांगता येणार नाही. कदाचित आवाज राहील, कदाचित स्वरयंत्र काढावं लागेल. पण थांबत राहिलात तर प्रश्न आवाजाचा उरणार नाही."

ताईनं मान डोलावली आणि थांबत राहिली. आज शाळेत परीक्षा, उद्या पावलं सुजली आहेत, परवा आणखी काही. तिला मरणाचं भय नव्हतं. भय होतं ते मुक्यानं जगायचं. बोलण्यावर जगलेलं माणूस ते.

"निदान वाक्यं तरी रेकॉर्ड करून ठेवू," धाकटी म्हणाली.

एका सुट्टीच्या सकाळी दोघी कपाटाशेजारी उशा रचून बसल्या. समोर लॅपटॉप आणि माईक.

टक टक. "काय बोलायचं?"

"ताई, टकटक नको ना. ती पण रेकॉर्ड होते."

"बघ बाई. गळ्यात सर्जनचा हात आणि हातावर तुझा पहारा." पण तिनं हात मांडीखाली दाबून ठेवले आणि दिलेली वाक्यं वाचली. मध्येच वाक्यांना नावं ठेवली. "'कृपया मला पाणी द्या'? मी या घरात कृपया म्हटल्याचं तुला आठवतं का? ते खोड आणि लिही, 'पाणी आण.'"

सोमवारी ऑफिसात जाऊन तिनं त्या वाक्यांचा थर बांधला आणि कोठारात सरकवला.

आधीच आहे.

तिनं पडदा पुन्हा वाचला. रेकॉर्डिंग घरच्या लॅपटॉपवर झालं होतं, तो लॅपटॉप तिच्याच पिशवीत होता आणि मधल्या वेळात त्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नव्हता. तिनं थर पुसून पुन्हा बांधला. आधीच आहे. उठून पाणी प्यायली, खुर्ची मागे ओढली, पुढे ओढली, आणि शेवटी वकिलाला हाक मारली.

वकील म्हणजे त्यांच्या टीमचा प्रमुख. कायद्याशी त्याचा संबंध एवढाच, की पुराव्याशिवाय तो सूर्य उगवल्याचंही मान्य करायचा नाही.

"सोपं आहे," तो म्हणाला. "तपासणी बिघडली. आता हे काहीही दिलं तरी आधीच आहे म्हणणार. सरकारी कारकुनासारखं." त्यानं तिचा माईक ओढला, छताकडे बघून क्षणभर विचार केला आणि बोलला, "बेडकाला सर्दी झाली तर तो शिंकतो की डरावतो?" खाली रस्त्यावर कुठलीशी गाडी हॉर्न देत गेली. "हे तरी जगात आधी कुणी म्हटलं नसेल. सरकवा आत."

आधीच आहे.

"बघा. म्हटलं नव्हतं?" तो खूश झाला. "तपासणीच बिघडली. आता कोठाराकडून हा थर परत मागा. त्याच्याकडे नसणारच, मग आपोआप उघडं पडेल."

तिनं शेजारच्या, कोऱ्या कॉम्प्युटरवरून थर मागितला. तो आला. वकिलानं तो चालवला. बेडकाला सर्दी झाली तर तो शिंकतो की डरावतो. मागे त्या गाडीचा हॉर्न.

वकिलाच्या चेहऱ्यावरचं हसू राहिलं, पण त्याच्या मागचा माणूस निघून गेल्यासारखं. दोघं जिन्याखालच्या खोलीत गेले. तिथं पंख्यांचा एकसुरी घोष चालू होता आणि पाय गारठत होते. त्यानं मशीनमध्ये थेट शिरून त्या थराची तारीख काढली. मग ताईच्या थराची काढली. दोन्हींची तारीख एकच होती. कोठार पहिल्यांदा उभारलं, त्या दिवसाची. तेव्हा वकील या कंपनीत आलेलाही नव्हता.

"घड्याळ चुकलं असेल," तो म्हणाला. पण बोलताना त्यानं मशीनवरचा हात काढून घेतला. "तुमच्या ताईंचं ऑपरेशन होऊ दे. मग हे सगळं पुसून नव्या डिस्कवर उभारू." दारापाशी थांबून त्यानं खालच्या आवाजात विचारलं, "कोठारीणबाई, माझ्या आवाजातलं आणखी काही आहे का आत?"

"मी बघितलं नाही."

"बघू नका."

तिनं वकिलाचं बघितलं नाही. ताईचं मात्र बघितलं.

ताईच्या कप्प्यात तिनं एकच थर सरकवला होता. तिथं त्याच्याखेरीज पुष्कळ होते. हे पाहिल्यावर ज्याला स्वस्थ बसवेल तो साधू म्हणायचा. ती जागेवरून उठली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. टीममधली बाकीची माणसं जेवायला गेली होती. नियम आपलाच, आपणच केलेला. आणि माणसाला सगळ्यात हलकी वाटते ती स्वतः बांधलेली गाठ. तिनं हेडफोन कानाला लावले.

"चहात साखर विसरलीस."

ताईचा आवाज. रेकॉर्डिंगला बसलेला नव्हे, घरातला, मोकळा. आणि त्याआधी टकटक.

"निळा स्वेटर कुठं ठेवलास?" आधी टकटक. "शेजारीणबाई आल्या तर सांग, मी झोपलेय." टकटक. "मी रागावले नाहीये. उगाच रडू नकोस." टकटक. कधी मागे भांडी वाजत होती, कधी नळ. ही वाक्यं तिनं ताईच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. तो निळा स्वेटर तर घरात नव्हताच.

एका थरात ताई म्हणाली, "टाके टोचतात गं अजून."

हेडफोनमध्ये तिचे कान तापले. टाके अजून पडलेच नव्हते. म्हणजे हे पुढचं. ऑपरेशननंतरचं. आणि ऑपरेशननंतर ताई बोलतेय, घरात हिंडतेय, नखानं टेबल वाजवून धाकटीवर डाफरतेय.

ताईची टकटक दोनदाच असायची, आणि ही कधी लांबत होती, कधी अडखळत होती, हे तिला ऐकू आलं नाही असं नाही. पण मनाला जे हवं तेवढंच कान मोजतात. बाकीचं दाराबाहेर उभं राहतं.

अगदी शेवटचा थर होता एका वाक्याचा. "खिडकी लाव गं, वारा येतोय." याच्याआधी टकटक नव्हती.

त्या दिवशी घरी पोचेपर्यंत तिला धीर नव्हता. चपला न काढता ती ताईसमोर बसली.

"ताई, ऑपरेशनची तारीख घे. तुझा आवाज राहणार आहे."

टक टक. "सर्जनला माहीत नाही ते तुला कसं माहीत?"

"मला माहीत आहे."

"कोठारात ठेवलंय वाटतं?" ताई हसली.

"हो."

ताईचं हसू ओसरलं. तिनं धाकटीच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं, वर्गात खोटं बोलणारं पोर ओळखावं तसं. खोटं काही दिसलं नाही तिला. नव्हतंच.

"शपथ?"

"शपथ."

"बरं," ताई म्हणाली. "इतकी वर्षं तू माझं ऐकलंस. एकदा मी तुझं ऐकते." तिनं उठून पंचांगबिंचांग काही पाहिलं नाही, सरळ फोन लावला.

ऑपरेशन बराच वेळ चाललं. सर्जन बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीची रेघ उमटली होती. "गाठ सगळी काढली. जीव वाचला, हे आधी ऐका," ते म्हणाले. जी चांगली बातमी अशी सुरू होते, तिचं दुसरं टोक ऐकायची गरज नसते.

दवाखान्यात ताई नुसती छताकडे बघत पडून राहायची. घरी आल्यावर धाकटीनं पाटी आणून पुढ्यात ठेवली. पाटीनं कोठारातून आपली इमेज ओढून घेतली, हिरवा दिवा लागला. ताईनं दोन दिवस तिला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी चहाचा घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि पाटी जवळ ओढली. काचेवर तिची नखं वाजू लागली. टक. टक टक. टक.

"चहात साखर विसरलीस."

धाकटीच्या हातातला चमचा फरशीवर पडला.

टकटक टेबलावरची नव्हती. कधीच नव्हती.

ती स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिली, हुंदका ऐकू जाऊ नये म्हणून. पण वर्गातल्या शेवटच्या बाकावरचं कुजबुजणं ऐकणारी बाई ती. ताईच्या खोलीतून नखांचा आवाज आला, सावकाश, एकेक अक्षर शोधत. आणि मग ते वाक्य आलं. "मी रागावले नाहीये. उगाच रडू नकोस."

नळाचं पाणी वाहत होतं. कोठारातल्या त्या वाक्यामागेही वाहत होतं.

वकिलानं बोलल्याप्रमाणे जुनं कोठार पुसलं. डिस्क काढून मोडीत टाकली. नवी, कोरी डिस्क आणली, तिच्यात रिकामं कोठार उभारलं, आणि दोघांनी दोनदा खात्री केली, की आत काही नाही. "आता ताईंचा थर घाला. पहिला मान त्यांचा," तो म्हणाला.

तिनं थर सरकवला.

आधीच आहे.

वकिलानं पडदा वाचला. त्यानं वाद घातला नाही, पुरावा मागितला नाही. "चहा घेऊन येतो," म्हणाला आणि गेला. चहा काही आला नाही. थोड्याच दिवसांत त्यानं दुसरीकडे नोकरी धरली. निरोपाला त्याला बोलायला सांगितलं, तर नुसते हात जोडून उभा राहिला. एक शब्द बोलला नाही.

घरात दिवस चालू लागले. ताई पाटीशी भांडत भांडत जुळवून घेत होती. शाळेतल्या कुणी तिला निळा स्वेटर पाठवला. शेजारीणबाई येऊन तासन्‌तास बसू लागल्या. टाके टोचले. एकेक वाक्य येत होतं आणि धाकटी ते आधीच ऐकून बसलेली होती. नखं वाजायला लागली की ती आहे तिथंच थांबायची. वाक्य संपेपर्यंत ती हातातलं काम धरून उभी राहायची. रात्री कूस बदलत तिच्या मनात तेच फिरायचं: आता कुठली उरली? जी उरली ती कमी कमी होत होती. सगळ्यात शेवटी एकच उरलं.

टकटक नसलेलं.

त्या वाक्यावर तिनं आपला सगळा जीव टांगला. टकटक नाही, म्हणजे बोटं नाहीत. बोटं नाहीत, म्हणजे गळा. सर्जन म्हणाले होते असं होत नसतं. पण सर्जनना कोठार कुठं माहीत होतं? देवाच्या मनात आलं तर सुक्या लाकडाला पालवी फुटते. ती मुद्दाम खिडक्या उघड्या ठेवू लागली. वारा सुटला की ताईच्या ओठांकडे बघत बसायची.

"काय बघतेस?" ताईनं एकदा पाटीवर विचारलं. हे वाक्य कोठारात नव्हतं का, की तिच्याच ऐकण्यातून सुटलं होतं? तिनं तो विचार झटकला.

त्या दिवशी दुपारी ती घरूनच काम करत होती. ताई हल्ली एकटी बाहेर पडू लागली होती. भाजी आणायला गेली होती. दुकानात पाटी नेणं तिला आवडायचं नाही, बोटानं दाखवून भागवायची. पाटी फळीवर चार्जिंगला होती. वारा सुटला होता. पडदा फुगत होता, पडत होता.

"खिडकी लाव गं, वारा येतोय."

आधी नखं वाजली नव्हती. एकदाही नाही. आवाज स्वच्छ होता, भरलेला, अगदी पूर्वीचा.

"ताई?" ती वळली. "ताई, बोललीस तू?"

खोलीत कुणी नव्हतं.

ती उठलेलीच होती. पाय खिडकीशी गेलेले होते, हात तावदानावर होते. आधी हात, मग डोकं. तिनं खिडकी ओढून घेतली आणि काचेतून खाली बघितलं.

खाली रस्त्याच्या पलीकडे ताई उभी होती. गळ्याला स्कार्फ, अंगात निळा स्वेटर, दोन्ही हातांत भरलेल्या पिशव्या. गाड्या थांबायची वाट बघत होती. तिनं वर पाहिलं आणि मान हलवून हसली.

मागे फळीवर पाटीचा पडदा काळा होता.

"आता दाराची कडी लाव," ताईचा आवाज म्हणाला. मायेनं, पण घाईनं. "ती येतेय."

हे वाक्य कोठारात नव्हतं. तिनं सगळे थर ऐकले होते. हे कुठंच नव्हतं. हे नवं होतं.

जिन्यावर चपला वाजल्या. एकेक पायरी, मध्ये दम खात. दाराबाहेर पिशव्या खाली ठेवल्याचा आवाज झाला. किल्ली फिरली. दार हललं नाही.

मग बाहेरून नखानं टकटक झाली. दोनदा. नेमकी दोनदा.

तेव्हा कुठं तिनं खाली पाहिलं. ती दाराशी उभी होती, तिचा हात कडीवर होता, आणि कडी लागलेली होती.